लाल बाजू, निळी बाजू

बोट पाण्यात असते तोवर तिच्या तळाबद्दल कोणी भांडत नाही, कारण तो कोणाला दिसतच नाही. पण वर्षातून एकदा गोदीतल्या विंचनं तिला उतारावरून ओढून वर घेतलं, खाली लाकडी ठोकळे सरकवले, दोन्ही कुशींना टेकू लावले, की ज्याला त्याला मतं फुटतात. शेवाळ किती, शिंपले किती, मागच्या वेळी कोणी कुठे हात आखडता घेतला, सगळ्याचा पंचनामा होतो. धाकटीच्या घरच्या बोटीवर तर मतं असलेले दोन पुरुष होते आणि ते एकमेकांचे साडू होते.

बोट मुळात साडूंची नव्हतीच. ती धाकटीच्या बाबांची, आणि जाताना त्यांनी ती थोरली आणि धाकटी अशा दोघी मुलींच्या नावावर करून ठेवली. खाडीच्या या काठावरची माणसं, सायकली आणि पोती त्या काठाला न्यायची आणि तिकडची इकडे आणायची, एवढंच तिचं काम. थोरलीला बोटीत पाय ठेवला की मळमळायचं, म्हणून ती काठावरच बरी होती. पण थोरलीचा नवरा, ज्याला सगळा धक्का दाजी म्हणायचा, आणि धाकटीचा नवरा, ज्याचं नाव धक्क्यानंच घाईराव ठेवलं होतं, हे दोघे बोटीवर आले जावई म्हणून आणि मांडी ठोकून बसले मालक म्हणून. दाजी प्रत्येक गोष्ट इतकी सावकाश करायचे की उतारू बसल्या जागी डुलकी काढून घ्यायचे. घाईराव दोर सोडायच्या आधीच इंजिन चालू करायचे. सुकाणू एक आणि धरायला टपलेले हात चार.

खरं तर हात सहा होते. बाबांनी धाकटीला लहानपणापासून मांडीवर बसवून सुकाणू धरायला शिकवलं होतं. पुढे ती परीक्षेला बसली, पास झाली, रीतसर परवानाही मिळाला. पण सुकाणू तिच्या हातात यायचं ते दाजी चहा पीत असले आणि घाईराव जेवत असले तर. चहा संपला की हात परत दोराकडे. तिला दुसरं काही नको होतं. सकाळची पहिली फेरी, धुकं जरा विरळ झालेलं, आणि सुकाणूवर आपण, एवढंच तिला हवं होतं आणि ते तिला फार मनापासून हवं होतं. बोलून दाखवलं की दोघंही म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. हे ते इतकी वर्षं म्हणत आले होते, की ती आता तिथून पुढे ऐकतच नसे.

त्या वर्षी बोट वर घेतली, खरवडून झाली, भेगांत लांबी भरून झाली, आणि तळाला लावायच्या रंगावरून ठिणगी पडली. दाजींनी लाल रंगाचे डबे आणले होते, घाईरावांनी निळ्या रंगाचे. दोघांनीही एकमेकांना न विचारता आणले होते, आणि दोघांचंही म्हणणं होतं की दुसऱ्याच्या रंगावर शिंपले हौसेनं संसार थाटतात. गोदीचा मिस्त्री बिडी ओढत हे ऐकत होता. भांडण ऐकायला त्याला कधीच कंटाळा येत नसे, फक्त ते लवकर मिटलं तर वाईट वाटायचं. म्हणून त्यानं काडी लावली. म्हणाला, दोघंही लावा की, अर्धी अर्धी. डावी कूस दाजींची, उजवी घाईरावांची. वर्षानं बोट वर येईल तेव्हा कळेल कोणाचा रंग टिकला.

दाजी म्हणाले, ठीक आहे, पण मग ज्याचा रंग टिकेल, सुकाणू त्याचं. कायमचं. दुसऱ्यानं दोर ओढायचे आणि तोंड बंद ठेवायचं. घाईरावांनी त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत हो म्हणून टाकलं. मिस्त्री साक्षीदार झाला आणि खडू घेऊन नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, मधोमध रेघ मारायला गेला.

धाकटी एका उलट्या बादलीवर बसून हे सगळं बघत होती. तिला राग आला होता. बोट तिच्या बाबांची, परवाना तिच्याकडे, आणि वाटणी करत होते हे दोघे, तीही तिच्यासमोर. पण राग आला की ती ओरडत नसे, तिला गोड बोलायची सवय होती, आणि ते जास्त वाईट.

"डावी त्यांची, उजवी तुमची," ती म्हणाली, "मग खालचा कणा आणि सुकाणूचं पातं कोणाचं?"

दोघांनीही वाकून बोटीखाली बघितलं. कणा म्हणजे तळाच्या मधोमध पुढून मागे जाणारं जाड लाकूड. ते रंगवायचं तर ओल्या खडीवर पाठ टेकून उताणं पडावं लागतं, रंग तोंडावर गळतो, आणि वर बघून बघून मान अवघडते ती वेगळीच. दाजी म्हणाले की कणा ही काही बाजू नाही. घाईराव म्हणाले, "ते तू कर."

"करते. मग मीही पैजेत?"

घाईराव हसले. दाजीही सावकाश हसले. धरलं तुलाही, म्हणाले. धाकटीनं मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीनं मान डोलावली आणि खडूनं कण्यावरही एक फुली मारली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या तळाच्या रंगात तांब्याची पूड असते. खाऱ्या पाण्यातल्या शेवाळाला आणि शिंपल्यांना ती सोसत नाही, म्हणून तर तो रंग लावायचा. पण ही पूड जड असते. डबा दुकानात पडून राहिला की ती खाली बसते आणि चिकणमातीसारखी घट्ट होते. वर जे राहतं ते नुसतं रंगीत पाणी. दिसायला झकास, कामाला शून्य. बाबा डबा उघडून धाकटीच्या हातात काठी द्यायचे आणि हात भरून येईपर्यंत ढवळायला लावायचे. पुढे ते कामच तिचं झालं. दर वर्षी तिनं ढवळायचं, बादल्या भरून द्यायच्या, आणि जावयांनी ब्रश बुडवायचा. रंग डब्यातून तसाच जन्माला येतो अशी दोघांचीही प्रामाणिक समजूत होती.

तर सवयीनं धाकटी उठली, काठी घेतली आणि दाजींच्या डब्याकडे गेली. दाजींनी हात आडवा केला. ती एकाची बायको होती आणि दुसऱ्याची मेहुणी, तेव्हा कोणाच्याच डब्याला तिनं शिवायचं नाही, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल की हातचलाखी केली. ती म्हणाली, "अहो, पण तो आधी..." तर घाईराव म्हणाले, "अगं, तू मध्ये पडू नकोस. तू तुझा कणा बघ."

मग ती मूग गिळून गप्प बसली. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण फार वेळ नाही.

दाजींनी झाकण काढलं. वर लालभडक, पातळ, चकचकीत रंग. दाजी खूश झाले. घाईरावांनी आपल्या डब्यात काठीचे दोन फेरे मारले, ते रंग ढवळायला नव्हे, दाजींना दाखवायला. मग जे सुरू झालं ते बघायला गोदीतली इतर माणसंही कामं टाकून आली. घाईरावांचा रोलर असा फिरत होता की निळे थेंब टेकूवर, खडीवर आणि मिस्त्रीच्या टोपीवर. दाजी एकेक फळी अशी रंगवत होते जणू ती दिवाणखान्यात टांगायची आहे. मधूनमधून दोघंही नाळेशी येऊन दुसऱ्याच्या कुशीकडे डोकावायचे, आणि नजरानजर झाली की खडूची रेघ तपासल्याचं सोंग करायचे.

डबा तळाशी आला की घट्ट लगदा लागायचा. दाजींनी तो बोटानं चाचपला आणि दुकानदारानं गाळ भरून फसवलं म्हणून त्याच्या सात पिढ्या काढल्या. घाईरावांनी डबा सरळ फेकूनच दिला. रिकामे डबे गोदीच्या कोपऱ्यात जमा झाले, आणि दोघं तिसऱ्या प्रहरी हात धुवायला गेल्यावर धाकटी तिकडे वळली.

तिनं सगळ्या डब्यांचा तळ खरवडून एका बादलीत काढला. लाल गाळ, निळा गाळ. त्यात थोडं थिनर ओतलं आणि काठी घेऊन बसली. हात भरून आला तेव्हा हात बदलला. बादलीत ताज्या वांग्याचा रंग तयार झाला, दाट, ब्रशवरून हळूच ओघळणारा. मग पोतं अंथरून ती बोटीखाली उताणी शिरली. दोन ठोकळ्यांमधला कणा रंगवायचा, रंग वाळला की मिस्त्रीला हाक मारायची, त्यानं ठोकळे सरकवायचे, मग झाकलेला भाग रंगवायचा. सुकाणूच्या पात्याला तिनं सगळ्यात जास्त हात दिले. बाहेर आली तेव्हा तिचं कपाळ आणि एक गाल वांगी झाला होता. साडू हसून हसून बेजार झाले. घाईरावांनी तर विचारलं की हा कुठल्या कंपनीचा. ती म्हणाली, घरगुती आहे.

बोट पाण्यात गेली आणि गमतीला सुरुवात झाली. पाण्याच्या वर जो हातभर पट्टा दिसायचा तो या काठावरून लाल दिसे आणि त्या काठावरून निळा. नव्या उतारूंना वाटायचं बोटी दोन आहेत. एक म्हातारेबुवा दर वेळी लाल बोट जाऊ द्यायचे, कारण त्यांना कोणीतरी निळी भरवशाची आहे असं सांगितलं होतं. ते कोणी सांगितलं असेल हे वेगळं सांगायला नको.

साडूंनी एकमेकांशी बोलणं टाकलं. वर्षभर सुकाणू एकेका फेरीला आळीपाळीनं दोघांकडे होतं, पण हाताच्या अंतरावर उभे असूनही निरोप धाकटीमार्फत जायचे. "दाजींना सांग, पुढे जाळी आहे." दाजींना ऐकू गेलेलं असायचं, तरी ते धाकटी सांगेपर्यंत थांबायचे, आणि तेवढ्यात बोट जाळीत शिरायची. तिचं काम दुप्पट झालं. सुकाणू मात्र पूर्वी चहाच्या वेळी तरी मिळायचं, आता तेही बंद झालं, कारण दोघंही एका हातानं चहा प्यायला शिकले. त्या वर्षात काही दिवस असे गेले, की तिला वाटलं आपण उगाच हा खेळ खेळलो. तळाला काय चाललंय ते तिलाही दिसत नव्हतं. तिचाही रंग निघून गेला असेल तर ती कायमची दोर ओढणारी होणार होती, आणि तेही स्वतःच्या तोंडानं मान्य करून.

मग बोट जड झाली. पलीकडच्या धक्क्याला पोचायला वेळ लागू लागला. दोघांनाही कळलं की खाली शेवाळाची दाढी वाढली आहे, आणि दोघांचीही खात्री होती की ती दुसऱ्याची आहे. तरी खात्री करून घ्यायचा मोह कोणाला सुटला आहे?

आधी दाजी पोहायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात गुडघ्यावर पाणी येऊ दिलं नव्हतं तो रोज सकाळी डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून खाडीत उतरू लागला. थोरलीनं धाकटीला हळूच विचारलं की अगं, पोहून आल्यावर यांचा टॉवेल लाल कसा होतो? तिकडे घाईराव दुपारच्या सुट्टीत इंजिनाचा आवाज पाण्यातून ऐकायचा म्हणून बुडी मारायचे. इंजिन बंद असायचं. वर आले की त्यांची नखं निळी आणि बोटं शिंपल्यांनी कापलेली. धाकटीनं मुकाट्यानं मलम लावून दिलं, फुंकर घालून. दोघंही आपापली कूस ब्रशनं चोरून घासत होते, आणि जो काही पुचाट रंग फळ्यांना धरून होता तोही आपल्याच हातानं धुऊन काढत होते. हे तिला समजलं त्या दिवशी ती मागच्या दोरांच्या वेटोळ्यावर बसून एकटीच इतकी हसली, की उतारूंनी जागा बदलली.

वर्ष सरलं. बोट गोदीत आली. बातमी आधीच फुटली होती, त्यामुळे उतारावर ही गर्दी. थोरलीसुद्धा जेवणाचे डबे घेऊन आली होती. विंच करकरला आणि बोट हळूहळू पाण्यातून वर आली. तिच्या अंगावरून पाणी ओघळून गेलं, मग खाली काय आहे ते दिसलं.

डाव्या कुशीला हिरवी दाढी, चांगली विंचरता येईल एवढी. उजव्या कुशीला शिंपल्यांची वस्ती, दाटीवाटीनं, एकावर एक. लाल आणि निळा औषधापुरताच. आणि मधोमध, नाळेपासून मागच्या पात्यापर्यंत, वांगी कणा. स्वच्छ. मिस्त्रीनं पात्यावर तळहात फिरवला, तळहाताकडे बघितलं, आणि दोन्ही साडूंना दाखवला. त्यावर काहीच नव्हतं.

"सुकाणू हिचं," मिस्त्री म्हणाला.

आणि मग कोणाला वाटलं नव्हतं ते झालं. घाईराव वळले आणि वर्षभरानं थेट दाजींशी बोलले. म्हणाले, दाजी, तुम्हीच सांगा, कणा ही काय बाजू झाली? दाजी म्हणाले, अगदी बरोबर बोलताय साडूभाऊ, मी तेव्हाच म्हटलं होतं. दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मिस्त्री म्हणाला की पैजेत धरलं तुम्हीच. गर्दीतून त्याला दुजोरा आला. म्हातारेबुवा म्हणाले की माझा तर तिसऱ्याच बोटीवर भरवसा होता.

दाजींनी शेवटचा प्रयत्न केला. रंग कुठला आणला ते तरी सांग, म्हणाले. बाहेरून भारी माल मागवला असेल तर पैज रद्द.

"तुमचाच होता," धाकटी म्हणाली. "तुमचा आणि यांचा. डब्यांच्या तळाला राहिलेला. मी फक्त ढवळला."

मग तिनं तांब्याच्या पुडीचं सगळं सांगितलं, आणि दर वर्षी त्यांच्या हातात बादल्या कशा येत होत्या तेही. हे सांगायला तिला इतकी वर्षं लागली होती. दाजी आपल्या दाढीवाल्या कुशीवर बोटानं रंग शोधू लागले. घाईरावांना मात्र राहवलं नाही.

"म्हणजे वर्षभर तुला माहीत होतं? मी रोज पाण्यात बुड्या मारत होतो आणि तू मलम लावत होतीस?"

"फुंकर पण घालत होते," ती म्हणाली.

थोरली आधी हसली. मग मिस्त्री, मग सगळी गोदी. घाईरावांनी तोंड फिरवलं, पण त्यांचेही खांदे हलताना तिला दिसले. दाजी सगळ्यात शेवटी हसले, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना लवकर थांबता येईना.

त्या वर्षी बोटीला एकच रंग लागला, थोरलीनं निवडलेला हिरवा. डबे ढवळायला दोन्ही साडू समोरासमोर बसले. कोणाचा डबा जास्त ढवळला यावरून वाद झालाच, पण तोंडासमोर झाला, निरोप्या लागला नाही.

पहिल्या फेरीच्या सकाळी धुकं जरा विरळ झालं होतं. धाकटीनं सुकाणू धरलं तेव्हा तिच्या तळहातांना घाम आला होता, आणि तो कोणाला दिसू नये म्हणून तिनं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. साडू तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले. एक म्हणाला सावकाश घे, दुसरा म्हणाला अगं, जरा वेग दे. तिनं दोघांनाही पुढे नाळेवर पाठवलं, दोर सांभाळायला. बोट हलकी चालत होती, हात नेईल तिकडे वळत होती. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही, कारण बघायला खूप होतं.

पलीकडचा धक्का जवळ आला. तिनं इंजिन मंद केलं आणि बोट अशी अलगद कडेला नेली की उभ्या उतारूलाही हेलकावा बसला नाही. आता दोर टाकायचा एवढंच राहिलं. पण पुढे दोराचं एक टोक दाजींच्या हातात होतं आणि दुसरं घाईरावांच्या, आणि तो आधी कोणी टाकायचा यावरून त्यांचं जुंपलं होतं. धक्क्यावरचा माणूस हात पसरून उभा राहिला. दोर काही आला नाही. बोट धक्क्यापासून वीतभर सरकली, मग हातभर, मग प्रवाहानं तिला हळूच मागे ओढून घेतलं.

उतारू कुरकुरले. दोन्ही साडू एकदम तिच्याकडे वळून बघायला लागले, कावरेबावरे. आता परत फिरून यावंच लागणार होतं. धाकटीनं सुकाणू वळवलं आणि खाडीच्या पार मध्यापर्यंत नेऊन, हवा होता त्याहून बराच मोठा वळसा घातला.